जॉन्सन काउंटी, वायोमिंग : गुरं, डाग आणि १८९२ चा राडा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दर उन्हाळ्यात डेन्व्हरकडची आपली मंडळी यलोस्टोनला गाडी काढतात, वाटेत याच जॉन्सन काउंटीतल्या बफेलो नावाच्या गावात पेट्रोल आणि चहाला थांबतात आणि मग मला मेसेज सुरू होतात, कारण मी तिकडे राहून आलो आणि तेव्हापासून दुसरं काही बोलतच नाही असं घरचे म्हणतात. प्रश्न तेच तेच असतात, म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू. मी काही इतिहासाचा मास्तर नाही, पण या काउंटीचं मला वेड लागलंय हे खरं.

काउंटी म्हणजे जिल्हा का? आणि ही नक्की आहे कुठे?

हो, जिल्हाच समजा. वायोमिंग राज्याच्या उत्तरेला, बिगहॉर्न डोंगररांगेच्या पूर्वेच्या अंगाला. आकाराने साधारण १०,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या साताऱ्यापेक्षा किंचित मोठीच. आता लोकसंख्या ऐका : २०२० च्या जनगणनेत ८,४४७. साताऱ्यात २०११ लाच ३० लाख माणसं होती. म्हणजे आख्खी जॉन्सन काउंटी आपल्याकडच्या दोन-तीन मोठ्या लग्नांत जेवून उठेल.

बफेलो हे मुख्य ठिकाण, तिथे ४,४१५ माणसं, आणि दक्षिणेला केसी, तिथे अडीचशेसुद्धा नाहीत. पश्चिमेला क्लाउड पीक, ४,००० मीटरच्या वर, त्यावरचं बर्फ वितळून ओढ्यांना पाणी येतं आणि या ओढ्यांच्या काठानेच सगळी वस्ती, बाकी पूर्वेकडे नजर जाईल तिथपर्यंत कोरडं गवत आणि सेजब्रशची खुरटी झुडपं. पावडर रिव्हर नावाची नदी आहे तिच्याबद्दल तिथले लोक म्हणतात मैलभर रुंद आणि इंचभर खोल. मी ऑगस्टमध्ये पाहिली, इंचभर म्हणजे जरा जास्तच कौतुक झालं.

बफेलो हे नाव तिथल्या रानटी बफेलोंवरून पडलं ना?

सगळ्यांना असंच वाटतं. नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरावरून पडलं, टोपीत चिठ्ठ्या टाकून नाव काढलं असं सांगतात. काउंटीचं नाव आधी पीझ होतं (१८७५), १८७९ मध्ये जॉन्सन केलं, चेयेन या राजधानीच्या शहरातल्या एका वकिलाच्या नावावरून.

गुरं यायच्या आधी तिथे कोण होतं? रिकामी जमीन होती का?

रिकामी अजिबात नव्हती, आणि हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढचं काही वाचू नका असं माझं मत आहे. लकोटा, शायान, अरापाहो आणि त्यांच्याआधी क्रो या तिथल्या आदिवासी जमातींचा हा शिकारीचा मुलूख. १८६३ नंतर मोंटानातल्या सोन्याच्या मागे धावणाऱ्या लोकांनी यातून बोझमन ट्रेल नावाचा शॉर्टकट काढला, १८६६ मध्ये सैन्याने त्या वाटेवर फोर्ट फिल कर्नी बांधला आणि त्याच वर्षी २१ डिसेंबरला कॅप्टन फेटरमन आपल्या माणसांसकट एका टेकडीपलीकडे गेला तो परत आलाच नाही. तो धरून ८१ जण, एकही वाचला नाही. शेवटी १८६८ च्या तहात अमेरिकन सरकारने किल्ले सोडले आणि शायान लोकांनी किल्ला जाळून टाकला. अमेरिकन सरकारने असं मागे हटणं फार क्वचित झालंय.

पण ते आठच वर्षं टिकलं. २५ नोव्हेंबर १८७६ ला अमेरिकन सैन्याच्या कर्नल मॅकेन्झीने पहाटे, कडाक्याच्या थंडीत, आजच्या केसीजवळच्या एका दरीत डल नाइफ या शायान नायकाच्या छावणीवर हल्ला केला आणि पावणेदोनशेच्या आसपास तंबू, आतल्या कातड्यांच्या पांघरुणांसकट आणि हिवाळ्यासाठी सुकवलेल्या मांसासकट जाळले. माणसं बर्फातून पायी निघाली, लहान बाळं थंडीने गेली. त्यानंतर दोन-तीन वर्षांत त्याच गवतावर गुरं आली. "मोकळी जमीन" मिळाली म्हणजे अशी मिळाली.

मग गुरं आणली कोणी? काउबॉयनी का?

काउबॉय पगारी माणूस हो, महिन्याला तीस-चाळीस डॉलरवर. गुरं टेक्सासहून हाकत आणली आणि पैसा होता ईस्ट कोस्टचा आणि लंडन-स्कॉटलंडचा. यातला माझा सगळ्यात आवडता नमुना मोर्टन फ्रेवेन, इंग्रज जमीनदाराचा धाकटा मुलगा, विन्स्टन चर्चिलच्या मावशीचा नवरा. हा बाबा शिकारीला म्हणून आला, पावडर रिव्हरच्या काठी लाकडी ओंडक्यांचा दुमजली बंगला बांधला, लंडनमध्ये पाहुण्यांकडून शेअरचे पैसे गोळा करून १८८२ मध्ये कंपनी काढली आणि चार-पाच वर्षांत सगळं बुडवलं. त्याच्या नावाची मोडतोड करून लोक त्याला "मॉर्टल रुइन" म्हणायचे, म्हणजे पार सत्यानाश.

त्या काळच्या धंद्याचं गणित फार सोपं होतं : जमीन विकत घ्यायचीच नाही. पाण्याजवळचा थोडा तुकडा नावावर करायचा आणि गुरं सरकारी गवतावर सोडून द्यायची, फुकट, कुंपण नाही काही नाही. याला ओपन रेंज म्हणायचे. आपलं गायरान असतं ना तसं, फक्त गावाच्या ऐवजी चारदोन कंपन्याच ते आपलं समजत होत्या. किती गुरं आहेत तेही कोणी मोजत नसे, वहीत लिहिलेल्या आकड्यावर कळप विकले जायचे. १८८६-८७ च्या हिवाळ्यात बर्फाखाली गवत गाडलं गेलं, गुरं हजारोंनी मेली, आणि वसंतात मोजायला गेल्यावर कळलं की वहीतली कितीतरी गुरं मुळात नव्हतीच.

मॅव्हरिक म्हणजे काय?

डाग (म्हणजे ब्रँड, तापल्या लोखंडाने अंगावर उमटवलेली मालकाची खूण) नसलेलं, आईपासून सुटलेलं वासरू. टेक्सासमध्ये सॅम्युअल मॅव्हरिक नावाचा माणूस आपल्या वासरांना डागच द्यायचा नाही, त्यावरून हा शब्द. आता नीट लक्ष द्या कारण सगळ्या भांडणाचं मूळ इथे आहे. मोकळ्या रानात हजारो गुरं एकत्र चरतात, गाईच्या अंगावर मालकाचा डाग आहे पण तिचं वासरू कोरं. गाईच्या मागे वासरू असेल तर प्रश्न नाही, ते तिच्या मालकाचं. पण एकटं फिरणारं कोरं वासरू कोणाचं? पूर्वी ज्याने आधी दोर टाकला त्याचं. मोठ्या कंपन्या तर आपल्या काउबॉयना अशी वासरं डागून आणल्याबद्दल वर पैसे द्यायच्या, तेव्हा ती चोरी नव्हती.

मग १८८४ मध्ये वायोमिंगच्या कायदेमंडळाने, ज्यात गुरंमालकच भरलेले, मॅव्हरिक कायदा केला. कोरं वासरू आता वायोमिंग स्टॉक ग्रोअर्स असोसिएशन या बड्या गुरंमालकांच्या संघटनेचं, त्यांनी लिलाव करायचा आणि पैसे त्यांच्याच इन्स्पेक्टरांच्या पगाराला. शिवाय ज्या काउबॉयकडे स्वतःची चार गुरं आणि स्वतःचा डाग असेल त्याला काळ्या यादीत टाकायचं, कोणी कामाला ठेवायचं नाही. म्हणजे कालपर्यंत ज्या कामाचं बक्षीस मिळायचं त्याच कामाला आजपासून चोरी म्हणायचं, तेही मालकासाठी नाही तर स्वतःसाठी केलं तर. जॉन्सन काउंटीत असे काळ्या यादीतले काउबॉय आणि सरकारी योजनेतून १६० एकर घेऊन बसलेले छोटे शेतकरी भरपूर, त्यामुळे तिथल्या ज्युरीही गुरं चोरल्याच्या केसमध्ये कोणाला दोषी धरेनात. मालक लोक म्हणायचे आख्खी काउंटी चोरांची आहे.

१८९२ ला नेमकं काय झालं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, तर जरा सविस्तर सांगतो.

आधीच्या वर्षभरात दोन-तीन खून पडलेच होते. १ डिसेंबर १८९१ ला जॉन टिस्डेल नावाचा छोटा रँचर (रँच म्हणजे गुरं पाळायची जागा) बफेलोहून नाताळचा बाजार घेऊन घरी निघाला होता, गाडीत पोरांची खेळणी होती, त्याला मागून गोळी घातली. संशय फ्रँक कँटनवर, जो आधी तिथलाच शेरीफ (काउंटीचा पोलिसप्रमुख) होता आणि असोसिएशनसाठीही काम केलेला. लोक खवळले.

मग ५ एप्रिल १८९२ ला चेयेनहून एक स्पेशल ट्रेन निघाली. आत पन्नासेक माणसं : बडे गुरंमालक, त्यांचे फोरमन, आणि टेक्सासहून आणलेले वीस-बावीस भाडोत्री बंदूकवाले, रोजाचे ५ डॉलर, वर प्रत्येक खुनामागे ५० डॉलर बक्षीस. बरोबर मारायच्या माणसांची यादी. एक डॉक्टर. आणि दोन वार्ताहर! म्हणजे खून करायला निघालेत आणि पेपरवाले सोबत घेतलेत, यावरून त्यांना आपण काही चूक करतोय असं वाटतच नव्हतं हे दिसतं. कॅस्परला उतरून घोड्यांवर उत्तरेकडे निघाले आणि बफेलोला बातमी जाऊ नये म्हणून तारेच्या तारा कापून टाकल्या. या तारा लक्षात ठेवा.

वाटेत कळलं की यादीतला एक नंबरचा माणूस, नेट चॅम्पियन नावाचा छोटा रँचर, केसी रँचवरच्या खोपटात मुक्कामाला आहे (केसी गावाचं नाव याच के-सी डागावरून). ९ एप्रिलच्या पहाटे खोपटाला वेढा घातला. आत चौघं होती, त्यातले दोघं रात्रीपुरते थांबलेले शिकारी, ते पाणी आणायला बाहेर आले आणि पकडले गेले. चॅम्पियनचा जोडीदार निक रे बाहेर आला तर त्याला गोळी लागली, चॅम्पियनने त्याला ओढत आत आणलं, पण सकाळीच तो गेला. मग एकटा चॅम्पियन दुपारपर्यंत पन्नास जणांशी लढत राहिला आणि मधल्या वेळात खिशातल्या छोट्या वहीत पेन्सिलने लिहीत राहिला. निक मेला, ते अजून गोळ्या झाडतायत, बाहेर ओढ्याकडे आणि तबेल्याकडे माणसं आहेत, असं अगदी साधं. एका ठिकाणी लिहिलंय की पोरांनो, आत्ता फार एकटं वाटतंय, कोणीतरी बरोबर असतं तर चारी बाजूंनी लक्ष ठेवता आलं असतं.

दुपारी यादीतलाच जॅक फ्लॅग सावत्र मुलाबरोबर योगायोगाने रस्त्याने चालला होता, त्याच्यावर गोळ्या सुटल्या, दोघं गाडा तिथेच टाकून घोड्यावरून निसटले. तोच गाडा गवत आणि लाकूड भरून पेटवला आणि खोपटाला नेऊन भिडवला. वहीतली शेवटची ओळ अशी आहे की घर पेटलंय, परत भेट झाली नाही तर राम राम पोरांनो. धुरातून पळत बाहेर आला आणि तिथेच पडला, अंगात २८ गोळ्या होत्या म्हणतात. अंगावर चिठ्ठी अडकवली, "गुरंचोरांनो, सावधान". वही शिकागोच्या वार्ताहराच्या हाती लागली आणि पेपरात छापून आली, म्हणजे सोबत नेलेला पेपरवालाच शेवटी महागात पडला.

या एका माणसापायी हल्लेखोर मंडळींचा आख्खा दिवस गेला आणि फ्लॅग बफेलोला पोचला. रॉबर्ट फूट नावाच्या व्यापाऱ्याने दुकान उघडून बंदुका-काडतुसं लोकांना फुकट वाटली, शेरीफ रेड अँगसने माणसं जमवली, आणि शिकारी निघालेलेच शिकार झाले. ते बफेलोच्या दक्षिणेला टीए रँचवर घुसून बसले आणि ११ ते १३ एप्रिल त्यांनाच वेढा पडला, बाहेर दोनशेच्या वर लोक. आता मदत मागायला तार करायची, पण तारा कोणी कापल्या होत्या? कसाबसा निरोप गव्हर्नर बार्बरपर्यंत गेला, त्याने राष्ट्राध्यक्ष हॅरिसनला तार केली, वॉशिंग्टनमधल्या दोन सेनेटरांनी, जे स्वतःच मोठे गुरंमालक, रात्री जाऊन राष्ट्राध्यक्षांना उठवलं. इकडे गावकऱ्यांनी गाड्याच्या चाकांवर ओंडक्यांची भिंत उभारून, तिच्या आडून पुढे सरकत डायनामाइट फेकायची तयारी केली होती, आणि ते पुढे ढकलत असतानाच १३ तारखेला सकाळी बफेलोजवळच्या फोर्ट मॅकिनी या लष्करी ठाण्याची घोडदळ तुकडी आली. कल्पना करा गावकऱ्यांना काय वाटलं असेल.

मग शिक्षा कोणाला झाली?

कोणालाही नाही. पंचेचाळीसेक जणांना सैन्याने चेयेनला नेलं, म्हणजे त्यांच्याच मित्रांच्या गावात. त्यांना तिथे ठेवायचा खर्च जॉन्सन काउंटीच्या डोक्यावर आणि काउंटीकडे पैसे नाहीत. टेक्सासवाले जामिनावर सुटून घरी गेले ते आलेच नाहीत, ज्युरीला माणसं मिळेनात, आणि जानेवारी १८९३ मध्ये केस निकालात काढली. गंमत म्हणजे तीन दिवसांच्या वेढ्यात गोळीबारात आतला कोणी मेला नाही, दोन टेक्सन गेले ते अपघाताने सुटलेल्या गोळ्यांनी.

पण चॅम्पियन खरंच चोर होता की नाही?

यावरून आजही तिथल्या बारमध्ये दोन तट पडतात, दोन्हीकडच्यांची पणतवंडं तिथेच राहतात ना. काउंटीत चोऱ्या होत होत्या यात वाद नाही. पण चॅम्पियन कुठल्याही कोर्टात गुन्हेगार ठरलेला नव्हता, आणि यादी करणाऱ्यांना कोर्ट नकोच होतं. माझं वैयक्तिक मत : कायदा लिहिणाराच वासराचा मालक ठरला की बाकीचे आपोआप चोर ठरतात.

बुच कॅसिडी या दरोडेखोराची गुहा इथेच का?

गुहा नाही, खिंड. केसीच्या नैऋत्येला मैलोन् मैल लाल कातळाची भिंत आहे, तिच्यातल्या एका फटीतून चोरलेली गुरं-घोडी वर चढवता येत, म्हणून होल-इन-द-वॉल. शेवटचा रस्ता फारच वाईट आहे, साध्या सेडानने जाऊ नका.

मेंढपाळ नव्हते का तिकडे? सगळी गुरंच?

होते आणि आहेत! याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मला जास्त सांगावंसं वाटतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या पिरेनीज डोंगरातून बास्क लोक इथे आले. जाँ एस्पोंडा नावाचा गृहस्थ १९०२ च्या सुमारास बायगोरी गावाकडून आला, मेंढरांत पैसा केला आणि मग गावाकडची पोरं एकेक करून बोलावून घेतली, एक आला की पाठोपाठ भाऊ, मग चुलतभाऊ. पोरांना पगाराऐवजी मेंढ्या द्यायच्या, पाच-सात वर्षांत त्याचाही कळप. आपल्या धनगरांसारखंच वर्षाचं फिरणं : उन्हाळ्यात बिगहॉर्नच्या माथ्यावर, थंडीत खाली मैदानात.

राहायला शीप-वॅगन, म्हणजे चाकावरची खोली. बफेलोच्या म्युझियममध्ये आत डोकावून बघितली : दाराशेजारी लोखंडी चूल, मागे आडवा पलंग, पलंगाखालून ओढून काढायचं टेबल, दोन्ही बाजूंनी बाक आणि त्याखाली सामान. मुंबईची चाळीतली खोली लाजेल इतकी नीट लावलेली. महिनोन् महिने एकटे असायचे, त्यामुळे करमणूक म्हणून अॅस्पेनच्या पांढऱ्या खोडांवर नाव, गाव, साल कोरायचे आणि डोंगरमाथ्यावर दगडावर दगड रचून उंच खांब करायचे, त्यांना बास्क भाषेत हारीमुतिल म्हणजे "दगडाचा पोरगा" म्हणतात. ते खांब अजून आहेत. आता मेंढ्या कमी झाल्यात आणि मेंढपाळ बरेचसे पेरू देशातून व्हिसावर येतात.

डाग देणं अजून चालतं? आता इअर-टॅग (कानात अडकवायचे बिल्ले) आहेत की.

चालतं आणि कायद्याने त्यालाच मान आहे. टॅग कापून टाकता येतो, डाग नाही. वायोमिंगमध्ये डाग राज्याकडे रजिस्टर करावा लागतो, दर १० वर्षांनी रिन्यू, आणि नुसतं चिन्ह नाही तर ते अंगावर कुठे (डावी बरगडी, उजवा पुठ्ठा वगैरे) तेही नोंदवतात. जनावर विकलं किंवा काउंटीबाहेर नेलं की ब्रँड इन्स्पेक्टर येऊन बघतो. म्हणजे गुरांचा सातबाराच म्हणा. वाचायचा डावीकडून उजवीकडे, वरून खाली. अक्षर आडवं पडलेलं असेल तर "लेझी", खाली कमान असेल तर "रॉकिंग", पंख असतील तर "फ्लाइंग". जुना डाग घरात पणजोबापासून आलेला असतो आणि विकतही जातो.

मी एका ब्रँडिंगला गेलो होतो, मे महिन्याचा शेवट, सकाळी बोटं गारठलेली. आपल्याकडे इर्जिक असायची ना, शेजारीपाजारी मिळून एकाचं काम उरकायचं आणि त्याने जेवण घालायचं, अगदी तेच. घोड्यावरचा माणूस वासराच्या मागच्या पायात दोर टाकून ओढत आणतो, दोन पोरं त्याला लोळवून धरतात, एक जण लस टोचतो, एक चाकू घेऊन गोऱ्ह्यांचं खच्चीकरण करतो, आणि डागणारा गॅसच्या बर्नरवरून राखाडी झालेलं लोखंड आणतो. लालभडक नको, राखाडी पाहिजे, लाल असेल तर केस पेटतात आणि डाग फिसकटतो. तीन-चार सेकंद, पिवळट धूर, जळक्या केसांचा वास जो माझ्या जॅकेटला दोन धुण्यांनंतरही होता, आणि वासरू उठून सरळ आईकडे. सगळं मिळून मिनिटभर. बघवत नाही म्हणाल तर मलाही पहिली चार-पाच बघवली नाहीत, मग हातात लसीची पिचकारी दिली आणि विचार करायला वेळच मिळाला नाही.

एका रँचला किती जमीन लागते? आणि ती सगळी त्यांचीच असते का?

कोरड्या भागात एका गाय-वासराला वर्षभरासाठी तीसेक एकर किंवा जास्तही, त्यामुळे तीनशे गाईंचा रँच म्हणजे आपल्याकडची कितीतरी गावं. सगळी मालकीची नसते. ओढ्याकाठची आणि आसपासची खाजगी, बाकी राज्याची किंवा केंद्र सरकारची, परमिट काढून चराई भरायची. १९३४ च्या टेलर ग्रेझिंग कायद्याने ते फुकट गवताचं युग संपवलं.

अजून एक भानगड आहे. १९१६ च्या कायद्याने सरकारने गुरांसाठी ६४० एकर दिले पण जमिनीखालचं खनिज स्वतःकडे ठेवलं. मग १९९० च्या दशकाच्या शेवटी कोळशाच्या थरातल्या मिथेन गॅसची लाट आली तेव्हा रँचरच्या कुरणात दुसऱ्याच कोणाच्यातरी विहिरी उभ्या राहिल्या. गवत ह्याचं, गॅस त्याचा. शंभर वर्षांनी पुन्हा तोच वाद, फक्त वासराच्या जागी गॅस.

दोन तास आहेत, काय बघू?

बफेलोचं जिम गॅचेल म्युझियम. गॅचेल हा १९०० पासून गावातला औषधवाला, लकोटा बोलायला शिकलेला, लोक त्याला जुन्या वस्तू आणून द्यायचे. मग शेजारचं ऑक्सिडेंटल हॉटेल, १८८० ला तंबूत सुरू झालेलं. केसीत क्रिस लेडूचा पुतळा, १९७६ चा रोडिओ (उधळणाऱ्या घोड्यावर टिकून बसायची स्पर्धा) चॅम्पियन आणि गायक, इथेच राहायचा. आणि जमलं तर टीए रँच, ते आता गेस्ट रँच आहे, आधी फोन करून जा. तिथल्या तबेल्याच्या लाकडात १८९२ च्या गोळ्यांची भोकं अजून आहेत. मी एकात करंगळी घातली, पहिल्या पेरापर्यंत गेली, आत गवताची एक वाळकी काडी होती.

रात्री गाडी चालवताना जपून. अँगस जातीची काळी गाय काळ्या रस्त्यावर दिसत नाही, हरणं वेगळीच.

रँचरशी बोलताना काय विचारू नये?

"तुमच्याकडे गुरं किती?" हे विचारू नका. आपण पहिला प्रश्न हाच विचारतो, मीही विचारला. म्हातारा हसला आणि म्हणाला, तुझ्या बँकेत किती आहेत ते आधी सांग. पाऊस किती झाला ते विचारा, त्यावर तासभर बोलतात. आणि गेट ज्या अवस्थेत दिसलं त्याच अवस्थेत सोडा, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद.